खालचा पेपर आधी

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात दरड आली की सावंतवाडीत दोन गोष्टींचा खोळंबा व्हायचा, बेळगावच्या भाजीचा आणि पेपरचा. भाजीचं फार काही करता येत नाही. ती गाडीतच सडते आणि विषय मिटतो. पेपर सडत नाही, साचतो. रस्ता मोकळा झाला की तीन-तीन, चार-चार दिवसांचे अंक एकाच सुतळीत बांधून स्टँडवर उतरायचे, आणि आमच्या पडवीत दर पावसाळ्याचा ठरलेला वाद सुरू व्हायचा. गठ्ठ्यातला कुठला पेपर आधी उघडायचा?

आजोबा निवृत्त मास्तर. त्यांचा नियम एकच, सगळ्यांत जुन्या तारखेचा अंक आधी. ते सुतळी सोडत, मांडीवर तारखा लावत आणि रविवारचा अंक बुधवारी अशा थाटात उघडत की तो नुकताच छापून आलाय. थोरल्या काकांचं बाजारात किराणा दुकान. त्यांना मतलब खोबऱ्याच्या आणि सुपारीच्या भावाशी. आजचा भाव कळला की मागचे अंक त्यांच्या लेखी पुड्या बांधायला मोकळे. ‘‘कालचा कळल्याशिवाय आजचा कसा कळतला?’’ हे आजोबांचं म्हणणं. ‘‘आजचा कळला तर कालचा होया कित्याक?’’ हे काकांचं.

आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिच्याइतका पेपर ऐकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. आजोबा मोठ्यानं वाचत, ती सुपात कुळीथ घेऊन ऐकत बसे. या वादावर तिनं एकदाच मत दिलं. ‘‘तुमच्या आज्याच्या पेपरात मेलेलो माणूस आणखी दोन दिवस जिवंत रवता.’’ खरंच होतं ते. एखादा पुढारी इस्पितळात असायचा. काकांनी सोमवारचा अंक पाहिलेला, त्यामुळे तो गेल्याचं त्यांना ठाऊक. आजोबा मात्र अजून शनिवारात. त्यांच्या शनिवारी प्रकृतीला उतार पडलेला असे आणि तब्येतीबद्दल समाधान व्यक्त करून ते पान उलटत. काका गप्प राहत. एवढा मान मात्र त्यांनी आयुष्यभर राखला.

या वादाचं मूळ स्वभावात कमी आणि रस्त्यात जास्त होतं, असं मला वाटतं. कारण पेपर रोज वेळेवर यायचा त्या दिवसांत दोघंही सारखंच वाचत. पहिलं पान, मग आतलं, मग उरलेलं. वेग मंदावला, अक्षर साचलं, की माणसं वेगळी होत.

आजोबांच्या लहानपणी, संस्थानी अमलात, मुंबईहून येणारं जवळजवळ सगळं वेंगुर्ल्याला उतरे. माणसं, ट्रंका, मनीऑर्डरी, पेपर, सगळं बोटीनं. मुंबईहून सुटलेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत घेत यायची. बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि पडावांतून माणसं न् सामान किनाऱ्याला येई. तिथून बैलगाडी, पुढे सर्व्हिस मोटार, की सावंतवाडी. हाच रस्ता पुढे घाट चढून बेळगावला जातो. इंग्रजांनी तो बेळगावच्या छावणीला रसद पोचवण्यासाठी वापरला आणि आंबोली त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून वाढली. फौजेच्या दाण्यागोट्यासाठी तयार झालेल्या रस्त्यानं पुढे आमचे अग्रलेख येऊ लागले.

बोटीला तिचा म्हणून एक ताल होता. आजोबा सांगायचे, बोट यायच्या दिवशी गावातली शिकलेली माणसं संध्याकाळी घरी सापडत नसत. आणि जूनमध्ये समुद्र खवळला की बोट बंद. मग पावसाळाभर मुंबईशी संबंध घाटावरून, रेल्वेनं कोल्हापूरपर्यंत आणि तिथून खाली. आजही सावंतवाडीचा पिनकोड पाहा, ४१६५१०. पहिले तीन आकडे कोल्हापूरचे. पिनकोड १९७२ मध्ये आले, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, रेल्वे १९९८ मध्ये सरळ मुंबईहून गोव्यापर्यंत धावू लागली, पण त्या तीन आकड्यांत टपालाची घाटवाट अजून शाबूत आहे.

त्या काळातलं वाचन आजोबा ज्या तपशिलानं सांगत त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गावात येणारं छापील अक्षर तीन वेगांचं होतं आणि प्रत्येक वेगाचं वाचन निराळं होतं. सर्वांत जवळचं म्हणजे गावातलंच. १९२४ मध्ये मेघःश्याम शिरोडकरांनी सावंतवाडीत ‘वैनतेय’ साप्ताहिक सुरू केलं. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ शिकवणारे वि. स. खांडेकर त्यात लिहीत. ‘वैनतेय’ आठवड्यानं निघे, पण तो ज्या दिवशी निघे त्याच दिवशी हातात पडे. त्यात बातमी शोधायला कोणी जात नसे. गावची बातमी गावाला आधीच माहीत असणार. आपल्याला माहीत असलेली गोष्ट यांनी कशी मांडलीय, कोणाचं नाव घेतलंय, कोणाचं गाळलंय, हे पाहायला लोक तो वाचत.

दुसरा वेग बेळगावचा. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये काढलेला ‘तरुण भारत’ घाट उतरून यायचा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, एस.टी. सुरू झाल्यावर तर सकाळच्या गाडीनं. मुंबई पाचशे किलोमीटर. त्यामुळे घडलं काय हे कळायचं बेळगावच्या अंकातून, आणि त्याचा अर्थ काय हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुंबईच्या अंकातून. या एका गोष्टीनं सावंतवाडीच्या डोक्याला जे वळण लावलं त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा सीमाप्रश्न हा आमच्याकडे लांबचा प्रश्न नव्हता. सकाळी चहाबरोबर येणारा पेपरच तिथला होता. मुंबईचं राजकारण आमच्याकडे शिळं होऊन यायचं. बेळगावचं यायचं गरमागरम. माणूस कशावर तावातावानं बोलतो हे कधीकधी एस.टी.च्या वेळापत्रकावर ठरतं.

तिसरा वेग मुंबईचा. हे वाचन सावकाशीचं, आणि त्यात एक गंमत होती. बातम्या शिळ्या, म्हणून आजोबा त्यांच्यावरून नुसती नजर फिरवत आणि अग्रलेख, सदरं, वाचकांची पत्रं यांवर मुक्काम ठोकत. आजी मात्र नाटकांच्या जाहिराती वाचून दाखवायला लावी. गिरगावात, दादरला कालपरवाच होऊन गेलेले प्रयोग, जे तिला कधीच बघायला मिळणार नव्हते. कोण कोण काम करतंय ते ती नीट ऐकून घेई. गणपतीला चाकरमानी आले की त्यांच्यापेक्षा तिलाच मुंबईच्या नाटकांची जास्त खबर असायची, आणि त्यातल्या दोघा-तिघांची ती चांगलीच पंचाईत करी.

घराबाहेर वाचायची जागा म्हणजे वाचनालय. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ मधलं. रत्नागिरीचं नगर वाचनालय त्याहून जुनं, १८२८ चं. म्हणजे रेल्वे नाही, तार नाही, अशा काळात कोकणातल्या माणसांनी वाचनालयं काढली. मला याचं फार नवल वाटत नाही. जिथे अक्षर मोजकं आणि उशिरा येतं तिथे एकेकट्यानं वर्गणी भरणं परवडत नाही. एक अंक पन्नास माणसांनी वाचायचा, तर त्याला जागा लागते, टेबल लागतं, आणि ‘‘तुझां झाला काय?’’ असं विचारत मागे उभा राहणारा माणूस लागतो. त्या मागच्या माणसामुळे वाचणाऱ्याला झपाझप वाचावं लागे. वाचून झालं की बाहेर पायरीवर येऊन तो त्याच्यावर बोलत बसे. वाचायला पंधरा मिनिटं आणि बोलायला दीड तास. पेपर हळू आला की वाचन आपोआप सखोल होतं, असं म्हणणाऱ्यांनी ही पायरी विसरू नये. वाचन उरकतं घ्यावं लागे, मुरायचं ते पायरीवरच्या बोलण्यात.

मुंबईच्या एका दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात आजोबांची पत्रं येत. शुद्धलेखन, शाळांतली गणितं, कोकणातले साकव असे त्यांचे विषय. या सदरातला वाद कसा चालायचा ते पाहण्यासारखं आहे. ठाण्याच्या कोणा गृहस्थानं एक मत मांडलं. तो अंक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावंतवाडीत. आजोबा दोन दिवस धुमसणार, मग कच्चं लिहिणार, मग पक्कं, मग पोस्टात टाकणार. पत्र मुंबईला पोचून, रांगेत थांबून, छापून यायला आठ-दहा दिवस. तो अंक परत खाली यायला आणखी दोन. ठाण्याच्या गृहस्थाचं उत्तर यायला पुन्हा तेवढेच. चार पत्रांचा वाद दीड-दोन महिने सहज चाले.

आता इतक्या अंतरानं छापलेलं पत्र वाचणाऱ्याला मूळ मुद्दा आठवत नसणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असे. म्हणून प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली. अमुक तारखेच्या अंकात अमुक यांनी असं असं म्हटलं आहे. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच्या शब्दांत, तेही तीन-चार ओळींत मांडायचं, मग आपलं. समोरच्याला मूर्ख ठरवण्यापूर्वी त्याचं म्हणणं नीट लिहून काढावं लागे, आणि आजी सांगायची की लिहून काढता काढता पुष्कळदा आजोबांचा अर्धा राग उतरे. कात्रणं ते भाताच्या खळीनं एका जुन्या हजेरीपटात चिकटवत. ती खळ झुरळांना फार आवडे. कित्येक कात्रणांत ठाण्याच्या गृहस्थांचा मुद्दा शाबूत आहे आणि आजोबांचं खंडन कुरतडलेलं.

पण या सगळ्या सावकाशीला एक दिवस असा भेटला की त्याची गोष्ट आजोबा सांगत तेव्हा पडवीत कोणी मध्ये बोलत नसे. १५ ऑगस्ट १९५५. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. देशभरातून आलेले सत्याग्रही त्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणांहून हद्द ओलांडून आत शिरले. आमच्याकडचं ठिकाण बांद्यापलीकडचं पत्रादेवी. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. गोव्याच्या हद्दीवर त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं मेली.

सावंतवाडीहून बांदा दहा-बारा किलोमीटर. बातमी तारेनं आली नाही की पेपरनं आली नाही. भर पावसात सायकलवरून, ट्रकमधून, चालत आली. ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्या तोंडून आली. आजोबांनी स्वतः परत आलेली माणसं पाहिली. चिखलानं भरलेले कपडे, एकाच्या पायात एकच चप्पल. संध्याकाळपर्यंत गावाला सगळं माहीत होतं, आणि जे माहीत होतं त्यातलं थोडं चुकीचंही होतं. मेलेल्यांचा आकडा दर तासाला वाढत होता.

मुंबईचे अंक आले दोन दिवसांनी, तीन तारखांचे एकत्र. आजोबांनी त्या दिवशीही आपला नियम मोडला नाही. चौदा तारखेचा आधी. त्यात सत्याग्रहाच्या तयारीच्या बातम्या, सगळं ‘उद्या’ होणार होतं. मग पंधराचा, त्यात ‘आज’. आजी सांगायची, मोठ्यानं वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. पुढे काय झालं हे वाचणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणाऱ्यालाही, फक्त छापणाऱ्याला माहीत नव्हतं. काका तेव्हा लहान. ते म्हणाले, ‘‘बाबांनू, त्या वरचो वाचा मां.’’ आजोबांनी तो वरचा, घटनेनंतरचा अंक वाचला खरा, पण बोट ठेवून, ओळ न् ओळ तपासत. आपण पाहिलं ते यांनी बरोबर लिहिलंय का, पत्रादेवीचं नाव नीट छापलंय का, आकडा किती दिलाय. गावात तासातासाला फुगलेला आकडा त्या अंकानं खाली आणला. आजोबा पेपरला जो मान देत त्याचं कारण मला त्या एका गोष्टीत सापडतं. आधी पोचण्याची शर्यत तो हरला होता. तरी त्याच्याकडे एक काम उरलं होतं आणि ते त्यानं केलं.

जलद आणि मंद अशा दोन वाटा झाल्या की त्यांची कामं वाटली जातात, हे जगभर झालं. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई लंडनला जोडली गेली. त्याआधी विलायतेच्या बातम्या बहुतेक टपालाच्या बोटीनं येत, सुएझचा कालवा झाल्यावरही तीनेक आठवडे जात. तार आल्यावर बातमी काही तासांत आली, आणि तिचा खुलासा बोटीतून मागाहून. आमच्या घरात हीच वाटणी पोस्टकार्ड आणि तार यांच्यात झालेली. पोस्टकार्ड वाचायचं. तार वाचायची नसे. तारवाला आळीत शिरला की बायका रडायला लागत, लखोटा फोडण्याआधीच. मुंबईहून आलेल्या तारेचा एकच अर्थ असू शकतो, अशी सगळ्यांची खात्री. आमच्या एका आत्याला मुलगा झाल्याची तार आली तेव्हा घरात इतकी रडारड झाली की शेवटी तारवाल्यानंच ओरडून सांगितलं. एका शब्दाला पैसे पडत म्हणून त्या तारेत चार शब्द होते. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा पेपरांत बरेच हळवे लेख आले. आमची आत्या म्हणाली, ‘‘बरां झाला.’’

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी कॉलेजात असताना, सावंतवाडीत इंटरनेट आलं ते टेलिफोनच्या तारेतून. देशात ते सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सुरू केलं होतं. आमच्याकडे कॅफे निघाला तो नंतर. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग गप्प. गप्प झाला की समजायचं, लागलं. वेग उत्तम लागला तर सेकंदाला ५६ किलोबिट, आणि उत्तम तो क्वचितच लागे. एवढ्या वेगात मोठा लेख, नुसतं अक्षर, सात-आठ सेकंदांत येतो. पाचशे किलोबाइटच्या एका फोटोला सव्वा मिनिट. पैसे तासावर. यातून जी वाचनाची रीत तयार झाली ती पूर्णपणे हिशेबाची होती. आधी चित्रं बंद करायची. मग चार-पाच खिडक्यांत चार-पाच लेख लावून द्यायचे. पहिला वाचेपर्यंत बाकीचे येतात. खरे तयारीचे लोक तिथे वाचतच नसत. पानं फ्लॉपीवर उतरवून घ्यायची, तार तोडायची आणि मित्राच्या घरच्या कॉम्प्युटरवर फुकट वाचायची. मराठी पेपरांचं आणखी एक दुखणं होतं. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर अग्रलेखाच्या जागी ठिपके, चौकटी आणि रोमन अक्षरांचा चिवडा दिसे.

पान वरून खाली, पट्टी पट्टी करत उघडायचं. म्हणून लेखाचा मथळा आणि पहिला परिच्छेद आम्ही सक्तीनं, पुन्हा पुन्हा वाचत असू. दुसरं करण्यासारखं काही नसे. या काळातल्या लेखांच्या सुरुवाती मला अजून आठवतात. शेवट फारसे आठवत नाहीत, कारण तेवढ्यात कॅफेच्या घरमालकाला फोन करायचा असायचा आणि तार तुटायची. तेव्हा मंद वेगानं वाचन खोल होतं या म्हणण्याला माझा विरोध नाही, फक्त किती खोल ते रिसीव्हर कोण उचलतं यावर असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा मोजायची सवय बाजारात वर्षभरात गेली. गावातल्या मोती तलावाच्या कठड्यावर संध्याकाळी बसलेली मुलं आता लेख उघडतात तो उघडण्याआधीच उघडलेला असतो. उघडायला वेळ लागत नाही म्हणून बंद करायलाही लागत नाही. पण सावंतवाडी म्हणजे तलाव नव्हे. शहरापासून थोडं घाटाकडे सरका. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत फोनच्या कोपऱ्यात अजून मंद नेटची खूण असलेलं एकटं इंग्रजी ‘ई’ येतं, आणि बरेचदा तेही येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं भर पावसात डोंगरावरच्या खोपीत बसून ऑनलाइन अभ्यास केला, ते सगळ्या देशानं वाचलं. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना त्यात नवल वाटलं नाही. प्रत्येक वाडीत रेंजची एक जागा ठरलेली असते. कुठे विहिरीचा काठ, कुठे देवळामागची घाटी.

आमचं मूळ घर अशाच एका वाडीत आहे. तिथे धाकटी काकी राहते. तिची रेंजची जागा रस्त्याच्या वळणावरचा फणस. सकाळी दूध घालून परतताना ती तिथे उभी राहते. आदल्या दिवसभराचे संदेश एकदम येतात, फोन टुंग टुंग करत राहतो, आणि ती तो कमरेला लावून घरी येऊन निवांत वाचते. म्हणजे पुन्हा सुतळीत बांधलेला गठ्ठा. अक्षर येतं, फोटो येत नाही. धुरकट चौकोनात नुसतं चक्र फिरत राहतं. ‘‘माका फोटोत काय आसा ता लिवन सांगा,’’ असा तिचा घरच्या ग्रुपवर कायमचा आग्रह. आम्ही हसतो, पण लिहून सांगायची वेळ आली की पंचाईत होते. चारचौघांनी वा वा म्हटलेल्या फोटोत नेमकं काय होतं हे कोणीच नीट पाहिलेलं नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपनं एक चांगली गोष्ट करून ठेवलीय. ग्रुप उघडला की तो न वाचलेल्या पहिल्या संदेशापाशी उघडतो, म्हणजे आजोबांच्या बाजूनं. खालच्या कोपऱ्यात एक बाण असतो, त्यावर आकडा. तो दाबला की थेट शेवटच्या संदेशावर, काकांच्या बाजूला. मुंबईचे, पुण्याचे आणि दुबईचे आम्ही सगळे बाण दाबतो. त्यामुळे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग दिसली की प्रत्येक जण आधी हात जोडतो आणि मग खासगीत विचारतो, कोण गेलं? काकी बाण दाबत नाही. ती वरून सुरुवात करते आणि एकेकाला उत्तर देत खाली येते. दोन दिवसांपूर्वी कोणाला खोकला झालेला असतो, तिचा काढा आज पोचतो.

गेल्या पावसाळ्याआधी घराच्या छपराचा विषय निघाला. गळतंय, कौलं काढून पत्रे घालू, असं ठाण्याच्या चुलतभावानं रात्री नऊला टाकलं. पुण्याहून होकार, दुबईहून होकार, कोणी पत्र्यांचे रंग पाठवले, कोणी दराची तुलना. निळा नको, लाल घ्या, यावर चाळीसेक संदेश झाले. साडेदहाला ठरलं, अकराला आगाऊ रक्कमही गेली. दुसऱ्या दिवशी फणसाखालून काकीचं उत्तर आलं. तिनं पहिल्या संदेशापासून सगळं वाचलेलं होतं. कोण काय म्हणालं ते नावानिशी घेऊन तिनं एकच लांब संदेश लिहिला होता, शुद्धलेखन तिचं तिचं. गळतंय ते पूर्वेकडच्या कोनवाशापाशी, कौलं धड आहेत, वासे कुजलेत. पत्र्याखाली तेच वासे राहिले तर दोन वर्षांत पत्र्यासकट खाली येतील. आणि ‘‘लाल निळो तुमी ठरवा, पण आधी सुताराक बोलवा.’’

तोवर ग्रुपवर कोणाच्या तरी मुलाचा दहावीचा निकाल आला होता आणि अभिनंदनाचे पेढे वाटून चालले होते. तिच्या संदेशाला दोन अंगठे मिळाले. अंगठे देणाऱ्यांनी तो वाचला होता की नाही हे कळायला मार्ग नाही. पत्रेवाल्याचा टेम्पो आला तेव्हा काकीनं तो खळ्यातच उभा केला आणि सुतार येईपर्यंत माल उतरू दिला नाही. टेम्पोवाला फोन लावायला फणसाखाली गेला. आता ग्रुपवर नियम झालाय. घराविषयीचं काहीही चोवीस तासांच्या आत ठरवायचं नाही. ठाण्याच्या चुलतभावाला तो जाचक वाटतो. बाजारात दर रोज बदलतात, असं त्याचं म्हणणं, आणि सिमेंटच्या बाबतीत ते खरंही आहे.